वारा कोणीकडे, मात्रा किती?

अणुभट्टीला अपघात झाल्यावर कोणत्या गावाला किती किरणोत्सर्ग पोहोचेल, याचा अंदाज संगणक आता काही मिनिटांत मांडू शकतो. परंतु या हिशेबाला लागणारी माहिती वेळेवर मिळाली नाही, किंवा आलेले उत्तर लोकांपर्यंत पोहोचले नाही, तर त्या वेगाचा काहीच उपयोग होत नाही. २०११ साली जपानने याची किंमत मोजली. तारापूर आणि ट्रॉम्बे यांच्यामध्ये वसलेल्या लोकवस्तीने तो अनुभव नीट समजून घेणे अगत्याचे आहे.

मीरा-भाईंदर रस्त्यावरील सिल्व्हर पार्कच्या नाक्यावरून नकाशावर उत्तरेकडे रेघ ओढली, तर वसईची खाडी, वसई, विरार आणि पालघरचा पट्टा ओलांडून सुमारे ६५ किलोमीटरवर तारापूर अणुवीज केंद्र लागते. दक्षिणेकडे तशीच रेघ ओढली, तर सुमारे ३० किलोमीटरवर ट्रॉम्बे येथील भाभा अणुसंशोधन केंद्र येते. एका टोकाला १९६९ साली सुरू झालेले देशातील पहिले अणुवीज केंद्र आणि दुसऱ्या टोकाला, अशा केंद्रात काही अघटित घडलेच तर त्याचा परिणाम कुठवर जाईल याचा हिशेब करणारे शास्त्रज्ञ. या दोहोंच्या मधे सिल्व्हर पार्कसारख्या दाट वस्तीच्या वसाहती उभ्या आहेत.

तारापूरच्या पाच दशकांहून अधिक काळाच्या इतिहासात परिसरातील नागरिकांना हलवावे लागेल असा अपघात घडलेला नाही, हे आधीच स्पष्ट केले पाहिजे. तरीही अशा प्रसंगाची तयारी ठेवणे हा अणुऊर्जेच्या सुरक्षाव्यवस्थेचाच भाग आहे. अपघाताची बातमी आली तर सामान्य रहिवाशाच्या मनात एकच प्रश्न येईल : घर सोडायचे की घरातच थांबायचे? या प्रश्नाचे उत्तर केवळ अंतरावरून देता येत नाही. वारा कोणत्या दिशेने वाहतो आहे, पाऊस आहे की नाही, भट्टीतून कोणते द्रव्य किती प्रमाणात बाहेर पडले आणि ते किती वेळ पडत राहिले, यावर ते अवलंबून असते. हे सारे घटक एकत्र करून उत्तर काढण्यासाठीच शीघ्र मात्रा-अंदाजाची सॉफ्टवेअर तयार झाली.

मात्रा म्हणजे काय?

किरणोत्सर्गाचा शरीरावर होणारा परिणाम ‘सिव्हर्ट’ या एककात मोजतात. हे एकक फार मोठे असल्याने व्यवहारात त्याचा हजारावा भाग, म्हणजे मिलिसिव्हर्ट, वापरला जातो. जमीन, खडक, अन्न, हवा आणि अवकाशातून येणारे किरण यांमुळे जगातील प्रत्येक माणसाला वर्षाकाठी सरासरी २.४ मिलिसिव्हर्ट इतकी मात्रा निसर्गतःच मिळत असते. पोटाच्या एका सीटी स्कॅनमध्ये सुमारे १० मिलिसिव्हर्ट मिळतात. अणुउद्योगामुळे सामान्य नागरिकाला मिळणारी अतिरिक्त मात्रा वर्षाला एक मिलिसिव्हर्टपेक्षा अधिक असू नये, असा दंडक आहे. थोड्या वेळात एक हजार मिलिसिव्हर्ट किंवा त्याहून अधिक मात्रा साऱ्या शरीराला मिळाली, तर मात्र मळमळ, उलट्या, रक्तपेशींची घट अशी तीव्र लक्षणे दिसू लागतात.

संकटकाळात निर्णय घेण्यासाठी या दोन टोकांच्या मधल्या पायऱ्या ठरवलेल्या आहेत. आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेच्या निकषांनुसार, पहिल्या सात दिवसांत १०० मिलिसिव्हर्ट मात्रा मिळण्याची शक्यता असेल, तर लोकांना घरात थांबवणे किंवा तेथून हलवणे यांसारखे उपाय योजावेत. थायरॉइड ग्रंथीला सात दिवसांत ५० मिलिसिव्हर्ट मिळण्याची शक्यता असेल, तर आयोडीनच्या गोळ्या द्याव्यात. येथे ‘मिळण्याची शक्यता’ हे शब्द महत्त्वाचे आहेत. मात्रा मिळून गेल्यावर उपाय करण्यात फारसा अर्थ नसतो. निर्णय भविष्याविषयी घ्यायचा असतो आणि म्हणूनच अंदाजाची गरज भासते.

चार पायऱ्यांचा हिशेब

या प्रकारचे कोणतेही सॉफ्टवेअर घेतले, तरी त्याच्या पोटातील हिशेब चार पायऱ्यांचा असतो. पहिली पायरी उगमाची. भट्टीतून क्सेनॉन व क्रिप्टॉन यांसारखे निष्क्रिय वायू, आयोडीन-१३१, सीझियम-१३७ इत्यादी द्रव्ये किती, कोणत्या उंचीवरून आणि किती वेळ बाहेर पडली, हे संगणकाला सांगावे लागते. आयोडीन-१३१ चे अर्धायुष्य सुमारे आठ दिवसांचे, तर सीझियम-१३७ चे सुमारे ३० वर्षांचे आहे. त्यामुळे पहिल्या काही आठवड्यांची चिंता मुख्यतः आयोडीनची आणि पुढच्या कित्येक वर्षांची सीझियमची असते.

दुसरी पायरी वाहतुकीची. बाहेर पडलेला लोट वाऱ्याबरोबर पुढे सरकतो आणि सरकताना रुंद व विरळ होत जातो. भर दुपारी तापलेल्या जमिनीवरची हवा खालीवर घुसळते व लोट लवकर पसरतो. निरभ्र, शांत रात्री हवा थरांत स्थिर राहते आणि लोट अरुंद पट्ट्यासारखा लांबवर टिकून राहतो. हवेच्या या स्थितीचे ‘ए’ ते ‘एफ’ असे सहा वर्ग ब्रिटिश हवामानशास्त्रज्ञ फ्रँक पास्क्विल यांच्या १९६१ सालच्या कामावरून रूढ झाले. कागद-पेन्सिलीने सोडवता येणारे ते गणित आजही प्राथमिक अंदाजासाठी वापरले जाते. आधुनिक प्रणाली मात्र हवामान खात्याच्या अंदाजासारख्याच संगणकीय प्रारूपातून ठिकठिकाणचा व तासातासाचा वारा घेतात आणि त्यात लक्षावधी काल्पनिक कण सोडून त्यांचा माग काढतात.

तिसरी पायरी द्रव्य जमिनीवर पडण्याची. कोरड्या हवेत कण हळूहळू खाली बसतात. पाऊस किंवा हिमवर्षाव झाला, तर ते थोड्याच वेळात धुऊन जमिनीवर येतात. एखाद्या गावावरून लोट जात असतानाच पाऊस पडला, तर अंतर जास्त असूनही तेथील जमीन जवळच्या गावापेक्षा अधिक दूषित होऊ शकते. चौथ्या पायरीवर हे सारे माणसाच्या शरीरापर्यंत आणले जाते. डोक्यावरून जाणाऱ्या लोटाचे किरण, श्वासावाटे आत जाणारे कण, जमिनीवर साचलेल्या थराचे किरण आणि पुढे दूध-भाजीपाल्यातून जाणारा अंश, अशा चार वाटांची मात्रा वेगवेगळी काढून तिची बेरीज केली जाते. लहान मूल, प्रौढ माणूस, उघड्यावर असलेली व्यक्ती आणि पक्क्या घरात थांबलेली व्यक्ती यांचे आकडे वेगवेगळे येतात.

या चारपैकी मधल्या दोन पायऱ्यांत विज्ञानाने मोठी मजल मारली आहे. चौथीतील गुणकही बऱ्याच अंशी ठरलेले आहेत. घोडे अडते ते पहिल्या पायरीवर. वितळत चाललेल्या भट्टीतून नेमके किती द्रव्य बाहेर पडले, हे त्या घटकेला सहसा कोणालाच ठाऊक नसते.

खारे वारे आणि मतलई वारे

तारापूरचे केंद्र समुद्रकिनाऱ्यावर आहे आणि किनाऱ्यावरचा वारा दिवसातून दोनदा तोंड फिरवतो. कोकणातील प्रत्येक कोळ्याला हे ठाऊक असते. दिवसा समुद्राकडून जमिनीकडे खारे वारे येतात, रात्री जमिनीकडून समुद्राकडे मतलई वारे वाहतात. त्यामुळे पहाटे बाहेर पडलेला लोट समुद्रावर जाईल, तर दुपारी बाहेर पडलेला लोट वस्तीकडे येईल. सकाळी समुद्रावर गेलेली हवा दुपारी परत किनाऱ्यावर येण्याचीही शक्यता असते. केवळ एका ठिकाणच्या वाऱ्याची नोंद घेऊन सरळ रेषेत लोट सोडणारे गणित येथे फसते, ते यामुळेच.

ऋतूंचा हिशेब आणखी वेगळा आहे. नैऋत्य मोसमी वाऱ्यांच्या काळात तारापूरहून निघालेली हवा साधारणपणे ईशान्येकडे, म्हणजे डहाणू-तलासरीच्या अंगाला सरकेल. त्या काळात मीरा रोड वाऱ्याच्या वाटेबाहेर राहण्याची शक्यता अधिक असते. मात्र कोरड्या ऋतूत उत्तर कोकणात उत्तरेकडून आणि वायव्येकडून वारे वाहतात. अशा दिवशी वारा ताशी १५ किलोमीटर वेगाने थेट दक्षिणेकडे वाहत राहिला, तर ६५ किलोमीटरचे अंतर कापायला त्याला सव्वाचार तासांहून थोडा अधिक वेळ लागेल. वेग निम्मा झाला, तर हा अवधी दुप्पट होईल. एवढ्या वाटचालीत लोट मूळच्या मानाने बराच विरळ झालेला असेल. तरीही सॉफ्टवेअर कशासाठी लागते, हे या साध्या भागाकारावरून समजते. निर्णयासाठी हातात दिवस नसतात, काही तास असतात. त्या तासांत गणित, पडताळणी, निर्णय आणि घोषणा हे सारे उरकायचे असते.

जपानचा धडा

शीघ्र अंदाजाची कल्पना अपघातांतूनच पुढे आली. अमेरिकेतील थ्री माइल आयलंड येथे २८ मार्च १९७९ रोजी भट्टी अंशतः वितळली. त्यानंतर जपानने ‘स्पीडी’ ही प्रणाली विकसित करायला घेतली. २६ एप्रिल १९८६ च्या चेर्नोबिल अपघातात लगतच्या प्रिप्यात शहरातील सुमारे ४९ हजार रहिवाशांना हलवायला सुरुवात झाली, ती तब्बल दीड दिवसानंतर. त्या दुर्घटनेनंतर युरोपीय देशांनी एकत्र येऊन ‘रोडोस’ ही प्रणाली उभारली. अमेरिकेच्या अणुनियामक आयोगाकडे ‘रास्कल’ हे सॉफ्टवेअर आहे.

या साऱ्यांची खरी परीक्षा ११ मार्च २०११ रोजी झाली. भूकंप आणि त्सुनामीच्या तडाख्यात फुकुशिमा दाइइची केंद्राची वीज गेली. स्पीडीची रचना अशी होती की, भट्टीतील उपकरणांकडून उत्सर्जनाची माहिती आपोआप यावी आणि त्यावरून पुढचा अंदाज बांधला जावा. पण वीजच गेल्याने ती माहिती येणे थांबले. पहिली पायरीच निखळली. तज्ज्ञांनी मग ‘ताशी एक एकक द्रव्य बाहेर पडते आहे’ असे गृहीत धरून आकडेमोड चालू ठेवली. त्यातून खरी मात्रा कळत नव्हती, परंतु लोट कोणत्या तासाला कोणत्या दिशेला जाईल, हे कळू शकत होते. वाऱ्याची दिशा सांगायला उत्सर्जनाचा अचूक आकडा लागत नाही.

हे नकाशे सरकारी कार्यालयांत पोहोचले, पण लोकांपर्यंत आले नाहीत. उत्सर्जनाचा आकडा खरा नाही, म्हणून निष्कर्ष विश्वासार्ह नाहीत, अशी भूमिका घेतली गेली. सरकारने भट्टीभोवती आधी तीन, मग दहा आणि १२ मार्चच्या संध्याकाळपर्यंत वीस किलोमीटरचे वर्तुळ आखून लोकांना बाहेर काढले. नामिए या गावाचे हजारो रहिवासी वायव्येकडील त्सुशिमा भागात जाऊन थांबले. १५ मार्च रोजी वारा वायव्येकडे वळला आणि पाऊस व हिमवर्षावाबरोबर सर्वाधिक द्रव्य त्याच पट्ट्यात उतरले. लोक धोक्यापासून दूर जायला निघाले होते, ते लोटाच्याच वाटेवर जाऊन बसले. स्पीडीचा पहिला नकाशा जनतेसमोर आला, तो २३ मार्च रोजी. वर्तुळाबाहेरच्या, पण त्याच वायव्य पट्ट्यातील इताते या गावाला टप्प्याटप्प्याने हलवण्याचा निर्णय तर २२ एप्रिल रोजी जाहीर झाला.

अमेरिकेची उलट बाजू

त्याच आठवड्यात नेमकी उलटी गोष्टही घडली. अमेरिकेच्या अणुनियामक आयोगाने १६ मार्च २०११ रोजी जपानमधील आपल्या नागरिकांना केंद्रापासून ५० मैल, म्हणजे सुमारे ८० किलोमीटर दूर जाण्याचा सल्ला दिला. त्यामागे रास्कलची आकडेमोड होती. ही आकडेमोड करताना भट्ट्यांची व वापरलेल्या इंधनाच्या टाक्यांची मोठी हानी झाल्याचे गृहीत धरलेले होते. चौथ्या भट्टीच्या टाकीतील पाणी आटले असावे, अशी तेव्हा भीती होती. टाकीत पाणी होते, हे पुढे स्पष्ट झाले.

एकाच अपघातात एका देशाने आकडा नाही म्हणून उत्तर दाबून ठेवले आणि दुसऱ्याने आकडा गृहीत धरून अधिक मोठे उत्तर काढले. दोन्हीकडील संगणकांनी आपापले काम चोख बजावले होते. चूक गणितात नव्हती. उगमाच्या अनिश्चिततेचे काय करायचे, हे ठरवण्यात ती होती.

धोका मोठा करून सांगणे सुरक्षितच असते, असा समज असेल तर तोही तपासून घ्यायला हवा. स्थलांतर हा स्वतःच एक मोठा आघात असतो. फुकुशिमाजवळच्या रुग्णालयांतून आणि वृद्धाश्रमांतून घाईने हलवलेल्या कित्येक रुग्णांनी वाटेत किंवा निवाऱ्यात प्राण सोडले. फुकुशिमा प्रांतात स्थलांतर आणि त्यानंतरच्या हालअपेष्टांमुळे झालेल्या मृत्यूंची अधिकृत नोंद दोन हजारांच्या वर गेली आहे. दुसरीकडे, किरणोत्सर्गाच्या परिणामांचा अभ्यास करणाऱ्या संयुक्त राष्ट्रांच्या वैज्ञानिक समितीचा निष्कर्ष असा की, तेथील रहिवाशांना मिळालेल्या मात्रेमुळे पुढे आरोग्यावर वेगळे ओळखू येतील असे परिणाम दिसण्याची शक्यता नाही. मात्रेचा अंदाज कमी आला तर किरणोत्सर्ग भोवतो आणि फार अधिक आला तर पळापळ भोवते.

या अनुभवानंतर जपानच्या अणुनियामक प्राधिकरणाने ऑक्टोबर २०१४ मध्ये, स्थलांतराचा निर्णय स्पीडीच्या अंदाजावर न घेण्याचे ठरवले. नव्या पद्धतीत भट्टीची अवस्था गंभीर होताच पाच किलोमीटरच्या आतील लोकांना लगेच हलवायचे, ३० किलोमीटरपर्यंतच्या लोकांना घरात थांबवायचे आणि पुढचे निर्णय प्रत्यक्ष मोजमापावर घ्यायचे, असा क्रम आहे. हवेतील मात्रा ताशी ५०० मायक्रोसिव्हर्ट आढळली, तर काही तासांत स्थलांतर. ताशी २० मायक्रोसिव्हर्ट आढळली, तर आठवडाभरात. युरोपने मात्र रोडोसचा वापर सोडलेला नाही. तेथील मत असे की, मापक कुठे पाठवायचे, हे तरी आधी अंदाजावरूनच ठरवावे लागते. दोन्ही बाजूंच्या म्हणण्यात तथ्य आहे. उत्सर्जन होण्यापूर्वी आणि पहिल्या काही तासांत अंदाजाला पर्याय नसतो, तर त्यानंतर मोजमापापुढे अंदाजाने माघार घ्यायला हवी.

भारतातील व्यवस्था

भारतात या विषयावरील काम प्रामुख्याने अणुऊर्जा विभागाच्या संस्थांनी केले आहे. भाभा अणुसंशोधन केंद्राने ‘आयरोडोस’ ही निर्णयसाहाय्य प्रणाली विकसित केली, तर कल्पाक्कम येथील इंदिरा गांधी अणुसंशोधन केंद्राने ‘ओनर्स’ ही प्रणाली तेथील किनारी हवामान डोळ्यांसमोर ठेवून उभारली. हवामानाच्या अंदाजाला लोटाच्या प्रवासाचे गणित जोडणे आणि कोणत्या गावासाठी कोणता उपाय लागेल, हे नकाशावर दाखवणे, हे अशा प्रणालींचे काम असते. उगमाची माहिती न मिळाल्यास केंद्राच्या कुंपणाभोवती बसवलेल्या मापकांच्या नोंदींवरून, ‘येथे इतके किरण दिसतात, म्हणजे तेथून इतके द्रव्य निघाले असावे’ असा उलटा हिशेब मांडण्याची पद्धतही अभ्यासकांनी विकसित केली आहे. स्पीडी ज्या ठिकाणी अडली, त्या ठिकाणचा हा पर्याय आहे.

मोजमापासाठी भाभा केंद्राने देशभर शेकडो ठिकाणी किरणोत्सर्ग मापकांचे जाळे उभारले असून ते ‘आयर्मोन’ या नावाने ओळखले जाते. वीसहून अधिक आपत्कालीन प्रतिसाद केंद्रे देशात आहेत. अणुऊर्जा विभागाचा संकट व्यवस्थापन गट मुंबईतून समन्वय करतो, तर अणुऊर्जा नियामक मंडळ हे १९८३ साली स्थापन झालेले मंडळ आपत्कालीन योजनांवर देखरेख ठेवते. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने अणुविषयक व किरणोत्सर्गविषयक आपत्तींसाठी २००९ साली मार्गदर्शक सूचना प्रसिद्ध केल्या.

प्रत्यक्ष कारवाईची जबाबदारी मात्र शास्त्रज्ञांकडे नसते. केंद्राच्या कुंपणाबाहेरील आपत्तीत सूत्रे जिल्हाधिकाऱ्यांच्या हाती असतात. तारापूरच्या बाबतीत पूर्वी हे काम ठाणे जिल्ह्याकडे होते. १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा स्थापन झाल्यावर ते पालघरकडे आले. भारतीय पद्धतीनुसार अणुवीज केंद्राभोवतीचा १६ किलोमीटर त्रिज्येचा प्रदेश आपत्कालीन नियोजनाचा मानला जातो. चिंचणी, बोईसर यांसारखी गावे त्यात येतात. या क्षेत्रासाठी बाहेरील आपत्तीची रंगीत तालीम दर दोन वर्षांनी घेण्याची पद्धत आहे.

सिल्व्हर पार्क या वर्तुळाच्या बरेच बाहेर आहे. आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेने २०१३ साली सुचवलेली अंतरे मात्र अधिक विस्तृत आहेत. एक हजार मेगावॉटपेक्षा अधिक औष्णिक क्षमतेच्या भट्टीसाठी तातडीच्या कारवाईचे क्षेत्र १५ ते ३० किलोमीटरचे, मोजमाप करून पुढील उपाय ठरवण्याचे क्षेत्र १०० किलोमीटरपर्यंतचे आणि अन्नधान्यावर लक्ष ठेवण्याचे ३०० किलोमीटरपर्यंतचे असावे, असे ती संस्था सांगते. तारापूरच्या तिसऱ्या व चौथ्या भट्ट्या प्रत्येकी ५४० मेगावॉट विजेच्या आहेत. त्यांची औष्णिक क्षमता त्याच्या तिपटीहून अधिक आहे. म्हणजे या सूचनेनुसार मीरा-भाईंदर तातडीने पळ काढण्याच्या क्षेत्रात येत नाही, पण मापक फिरवण्याच्या आणि दूध-भाजी तपासण्याच्या क्षेत्रात येते. हा फरक नागरिकांनी लक्षात ठेवण्याजोगा आहे.

माणसाच्या रक्तातील नोंद

येथवरचा विचार गावाला किती मात्रा मिळेल याचा झाला. ‘मला स्वतःला किती मिळाली’ हा प्रश्न निराळा आहे. त्यासाठीही शीघ्र अंदाजाची साधने आहेत आणि त्यांची गरज भट्टीच्या अपघातापुरती मर्यादित नाही. १९८७ साली ब्राझीलमधील गोयानिया शहरात बेवारस रुग्णालयातील सीझियमचा स्रोत भंगारात गेला. चार जण दगावले. दूषित झालेल्या व्यक्ती २४९ निघाल्या, पण तपासणीसाठी एक लाख दहा हजारांहून अधिक लोकांची रीघ लागली. एवढ्या गर्दीतून ज्याला खरोखर उपचार हवेत, त्याला वेगळे काढणे हेच मोठे आव्हान होते. भारतात एप्रिल २०१० मध्ये दिल्लीच्या मायापुरी भंगार बाजारात असाच प्रकार उघड झाला. दिल्ली विद्यापीठाने लिलावात काढलेल्या जुन्या उपकरणातील कोबाल्ट-६० भंगारवाल्यांच्या हाती पडले. अनेकांना बाधा झाली आणि एकाचा मृत्यू ओढवला.

अशा वेळी पहिला अंदाज लक्षणांवरून बांधतात. किरणोत्सर्गाला सामोरे गेल्यानंतर किती वेळाने उलटी झाली आणि रक्तातील लिम्फोसाइट या पांढऱ्या पेशी किती झपाट्याने घटल्या, ही माहिती सॉफ्टवेअरमध्ये भरली की मात्रेचा स्थूल आकडा मिळतो. एक-दोन तासांतच उलट्या सुरू झाल्या, तर मात्रा गंभीर असण्याची शक्यता असते. अर्थात, निव्वळ भीतीनेही उलटी होते. म्हणून रक्ताची तपासणी दर काही तासांनी पुन्हा करावी लागते.

अधिक भरवशाची कसोटी गुणसूत्रांची आहे. किरणांनी तुटलेली दोन गुणसूत्रे कधी कधी चुकीच्या रीतीने जोडली जातात आणि दोन केंद्रबिंदू असलेले एकच गुणसूत्र तयार होते. सामान्य माणसाच्या रक्तात अशी जोडणी हजार पेशींत एखादी आढळते. मात्रा वाढेल तशी ती ठरावीक प्रमाणात वाढते. भाभा केंद्रात आणि दिल्लीच्या इन्मास या संस्थेत अशी तपासणी होते. मात्र रक्तपेशी प्रयोगशाळेत वाढवायलाच सुमारे दोन दिवस लागतात आणि त्यानंतर सूक्ष्मदर्शकाखाली शेकडो पेशी मोजाव्या लागतात. प्राथमिक निवडीसाठी पन्नास पेशींवर भागवतात. छायाचित्रांतून अशी गुणसूत्रे आपोआप ओळखणारी सॉफ्टवेअर आल्याने मोजणीचा वेळ बराच कमी झाला आहे. शंकास्पद पेशी मात्र अजूनही तज्ज्ञाच्या डोळ्याखालून घालाव्या लागतात.

घरात थांबणे हाही उपाय

मीरा रोडसारख्या ठिकाणी या साऱ्याचा व्यावहारिक अर्थ काय? पश्चिम द्रुतगती महामार्ग, घोडबंदर रस्ता आणि लोकल गाड्या यांवर रोजच्याच गर्दीचा भार असतो. अफवेवरून लाखो लोक एकदम बाहेर पडले, तर ते तासन्‌तास उघड्यावर अडकतील. दुर्दैवाने लोट त्याच सुमारास आला, तर घरी थांबलेल्यांपेक्षा रस्त्यावरच्यांनाच अधिक मात्रा मिळेल. काँक्रीटच्या बहुमजली इमारतीत दारे-खिडक्या बंद करून, बाहेरची हवा आत घेणारी यंत्रे थांबवून बसले, तर श्वासावाटे जाणारे आणि बाहेरून येणारे अशा दोन्ही प्रकारच्या किरणोत्सर्गाचे प्रमाण बरेच घटते. लोट निघून जाईपर्यंत असे थांबणे बहुधा काही तासांचे काम असते.

आयोडीनच्या गोळ्यांबाबतही गैरसमज फार आहेत. या गोळ्या केवळ थायरॉइडला किरणोत्सर्गी आयोडीनपासून वाचवतात. सीझियमवर किंवा बाहेरून येणाऱ्या किरणांवर त्यांचा उपयोग नाही. लोट येण्याच्या आधीच्या २४ तासांत किंवा आल्यानंतरच्या पहिल्या दोन तासांत घेतल्यास त्यांचा लाभ सर्वाधिक मिळतो. फार उशिरा घेतलेली गोळी निरुपयोगी ठरते. म्हणून त्या केव्हा घ्यायच्या, हे अंदाज पाहून प्रशासनाने सांगायचे असते. स्वयंपाकातील आयोडीनयुक्त मीठ हा त्यांना पर्याय नव्हे. मार्च २०११ मध्ये चीनमध्ये लोकांनी मिठाच्या पिशव्यांसाठी दुकानांवर झुंबड उडवली होती, त्यातून काहीच साधले नाही. चेर्नोबिल परिसरातील मुलांना थायरॉइडचा कर्करोग जडला, त्यामागे दूषित गवत खाणाऱ्या गायींचे दूध हे मोठे कारण होते. त्यामुळे दूरच्या वस्तीसाठी स्थानिक दूध आणि पालेभाजी काही दिवस टाळणे, हा साधा उपाय अतिशय मोलाचा ठरतो.

उत्तर कोणाला सांगायचे?

शीघ्र अंदाजाच्या प्रणालीकडून अचूक आकड्याची अपेक्षा करणे चुकीचे आहे. पहिल्या तासात तिने दिशा सांगावी, दुसऱ्या-तिसऱ्या तासात मोजमापाच्या आधारे पल्ला सांगावा आणि दिवस उलटेपर्यंत मात्रेचा आकडा सुधारत न्यावा, एवढेच तिच्याकडून मागता येते. ‘बहुधा इतके, फार तर इतके’ अशा भाषेतले उत्तर अपुरे वाटले, तरी प्रामाणिक असते. पावसाचा अंदाज लोक अशाच भाषेत रोज ऐकतात आणि छत्री घ्यायची की नाही, हे ठरवतात.

जपानमध्ये उणीव राहिली, ती हे अपुरे उत्तर लोकांच्या हाती देण्याच्या तयारीची. महाराष्ट्रात तयारी तपासायची झाली, तर प्रश्न भाभा केंद्राच्या संगणकांच्या वेगापुरता राहत नाही. आलेला नकाशा किती वेळात पालघर व ठाणे या दोन्ही जिल्ह्यांच्या जिल्हाधिकाऱ्यांकडे पोहोचेल, तेथून तो महापालिकेकडे कसा जाईल आणि सिल्व्हर पार्कमधील सोसायटीच्या सूचना फलकावर मराठीत, हिंदीत व गुजरातीत कोणत्या शब्दांत लागेल, हे आधी ठरलेले असायला हवे. दर दोन वर्षांची रंगीत तालीम १६ किलोमीटरच्या आत होते. तिच्यातील निदान संदेशवहनाचा भाग वसई-विरार आणि मीरा-भाईंदरपर्यंत वाढवण्यास मोठा खर्च येणार नाही. तसे झाले, तर वारा दक्षिणेकडे वळलेल्या दिवशी घर सोडायचे की खिडक्या लावून घरातच थांबायचे, हे नाक्यावरच्या रहिवाशाला अफवेवरून ठरवावे लागणार नाही.